घावाचे वजन

रानात तीन-चार दिवस पायी हिंडायचे आणि रात्री तिथेच मुक्काम करायचा असा बेत ठरला, की आदल्या संध्याकाळी माझे सगळे सामान फरशीवर मांडले जाते आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा बाहेर येतो. तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, पाण्याच्या बाटल्या यांच्याशी माझे भांडण नसते. त्यांची वजने ठरलेली आहेत आणि त्यांच्यावाचून चालत नाही. भांडण असते ते पात्याच्या जिनसांशी. चाकू घ्यावा, कोयत्यासारखे जड पाते घ्यावे, छोटी कुऱ्हाड घ्यावी, घडीची करवत घ्यावी, की या सगळ्यांचे थोडेथोडे काम करणारे एखादे बहुपयोगी अवजार घेऊन मोकळे व्हावे, हा प्रश्न मी गेली कित्येक वर्षे सोडवते आहे. त्यापायी जी अवजारे विकत घेतली ती सगळी एकदम सॅकमध्ये भरली, तर मला ती उचलता यायची नाही.

पहिले घेतलेले अवजार म्हणजे एक चाकू, आणि ते अर्थातच सर्वांत मोठे होते. वीतभराहून लांब पाते, जवळजवळ सहा मिलिमीटर जाडीची पाठ, पाठीवर करवतीचे दाते, पोकळ मुठीत होकायंत्र, आणि म्यानासकट वजन साडेसातशे ग्रॅमच्या वर. ते कापते, तोडते, फोडते, खणते, असे त्याबद्दल सांगितले होते आणि त्यातले एकही विधान खोटे नव्हते. ते कापत होते, पण जाड धारेमुळे दोरी तुटण्याऐवजी चेंगरायची. ते तोडत होते, पण कुऱ्हाडीच्या निम्मेही नाही. आणि पाठीवरच्या दात्यांनी लाकूड कापायला घेतले, की भुस्सा पडण्याऐवजी नुसती सालपटे निघायची. एक ना धड भाराभर चिंध्या ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले आहे, पण तिचा अर्थ मला त्या चाकूने समजावून दिला.

तरी त्याची खरी गोष्ट वेगळीच आहे. दुपारभर पाऊस झाला होता, अंधार पडायला अर्धा-पाऊण तास उरला होता आणि मी मनगटाएवढ्या जाडीची एक ओली, आडवी पडलेली फांदी तोडत होते. हात गारठले होते आणि घाई होती. पाते तिरपे बसले, सालीवरून घसरले, फांदीच्या पलीकडे निघाले आणि माझ्या डाव्या बुटाच्या कडेला लागले. बुटाचे चामडे नखभर रुंदीने उघडले आणि आतला मोजा दिसू लागला. मोज्याच्या आत काहीच झाले नव्हते. मी फांदीवर बसले आणि बराच वेळ त्या फटीकडे पाहत राहिले. गाडी येऊ शकेल असा रस्ता तिथून सहा तासांच्या चालीवर होता, आणि तेही धड पायाने चालले तर.

त्या रात्री मी शेकोटीशिवाय झोपले. घरी आल्यावर त्या घटनेचा नीट विचार करताना एक गोष्ट लक्षात आली, ती अशी की माझी चूक केवळ घाईची नव्हती. कापण्याच्या अवजारांचे मुळात दोन वर्ग आहेत. काही अवजारे घाव घालतात आणि काही ओढून किंवा दाबून कापतात. कुऱ्हाड, कोयता, कुकरी, मलय रानांतला परांग ही घाव घालणारी मंडळी. चाकू आणि करवत दुसऱ्या वर्गातले. घाव घालणाऱ्याची सारी ताकद त्याच्या वजनात आणि वेगात असते. वेग तोच ठेवून वजन निम्मे केले, की घावातली ऊर्जाही निम्मी होते, आणि हलके अवजार अधिक जोराने फिरवून ही तूट भरून काढावी म्हटले, तर ते एका मर्यादेपलीकडे जमत नाही, कारण अवजार हलके झाले तरी त्याच्याबरोबर फिरणारा आपला हात तेवढाच जड राहतो. म्हणजे हलकी कुऱ्हाड हा प्रकारच आपल्याशी भांडणारा आहे. तिच्यातून जे वजन काढून टाकल्याचा आपल्याला आनंद होतो, त्याच वजनासाठी तर कुऱ्हाड असते. त्यात आखूड दांड्याचा धोका निराळा. लांब दांड्याच्या कुऱ्हाडीचा नेम चुकला, तर तिची फेरी बहुधा जमिनीत संपते. आखूड दांड्याची चुकली, तर ती गुडघ्यात किंवा नडगीत संपते. म्हणूनच जाणकार माणसे हातकुऱ्हाड चालवताना गुडघे टेकून बसतात आणि लाकडाच्या खाली दुसरे लाकूड ठेवतात.

इथे कोणीही रास्त आक्षेप घेऊ शकेल, की हलक्या प्रवासाचे जे आद्य प्रवर्तक मानले जातात, तेच कुऱ्हाड घेऊन हिंडत होते. ‘नेसमुक’ या टोपणनावाने लिहिणारे जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स (१८२१–१८९०) हे ठेंगणे, अशक्त, क्षयाने पोखरलेले गृहस्थ होते, आणि १८८३ साली त्यांनी अमेरिकेतल्या ॲडिरॉन्डॅक भागात जी होडी एकट्याने वल्हवत नेली, तिचे वजन साडेदहा पौंड, म्हणजे पाच किलोंहूनही कमी होते. होडीच्या बाबतीत एकेका औंसाचा हिशेब करणाऱ्या या माणसाने आपल्या सामानात दुधारी छोटी कुऱ्हाड, म्यानातला एक पातळ चाकू आणि खिशातला एक घडीचा चाकू अशी तीन पाती ठेवली होती. मला हे कोडे पुष्कळ दिवस सुटत नव्हते. मग त्यांच्या झोपण्याच्या पद्धतीचे वर्णन वाचताना ते सुटले. पुढून उघडा कापडी आडोसा आणि समोर रात्रभर जळणारी ओंडक्यांची शेकोटी, हेच त्यांचे पांघरूण होते. कुऱ्हाडीचे वजन त्यांनी अंथरूण-पांघरुणातून वसूल केले होते. आज माझ्या पाठीवर पिसांनी भरलेली, किलोभराचीही नसलेली स्लीपिंग बॅग असते. तेव्हा ती बॅगही घ्यायची आणि कुऱ्हाडही घ्यायची, म्हणजे एकाच उबेचे दोनदा ओझे वाहायचे. शिवाय रात्रभर ओंडके जाळण्याइतकी मोकळीक आजच्या रानांत फारशी कुठे उरलेली नाही, आणि असली तरी ती घेऊ नये असे माझे मत आहे. जमिनीवर पडलेले, वाळलेले, मनगटापेक्षा बारीक लाकूड एवढ्यावरच शेकोटीने समाधान मानावे.

हा नियम एकदा मान्य केला, की पात्यांचा प्रश्न एकदम लहान होतो. मनगटापेक्षा बारीक वाळलेले लाकूड पुष्कळदा हातानेच मोडते. जवळजवळ उगवलेल्या दोन झाडांच्या बेचक्यात फांदी अडकवून लांब टोक ढकलले, तर त्याहूनही जाड फांद्या मोडतात. लांब लाकूड तसेच शेकोटीत ठेवून ते जळत जाईल तसे आत सरकवत राहिले, तर ते तोडावेही लागत नाही. मी एका चार दिवसांच्या फेरीत पाते किती वेळा आणि कशासाठी बाहेर काढले याची नोंद वहीत ठेवली होती. दोरीचे तुकडे, चिकटपट्टी, पाकिटे, पायाच्या फोडावरची पट्टी, तंबूच्या हरवलेल्या खुंटीऐवजी नवी लाकडी खुंटी, पेटवणासाठी ढलप्या, आणि एकदा चप्पलच्या पट्ट्याला भोक. तोडण्याची खरी गरज दोनदाच पडली होती, आणि दोन्ही वेळा ते काम करवतीचे होते.

घडीच्या करवतीबद्दल मात्र मी हात आखडता घेत नाही. एकोणीस-वीस सेंटिमीटर पात्याची करवत दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते आणि मनगटाएवढे वाळलेले लाकूड ती मिनिटभरात आडवे कापते, तेही हात न उगारता. जपानी पद्धतीच्या करवती ओढताना कापतात. ओढताना पाते ताणले जाते, ते वाकण्याचा प्रश्न येत नाही, म्हणून ते पातळ ठेवता येते. पाते पातळ म्हणून चीर अरुंद, आणि चीर अरुंद म्हणून मेहनत कमी. एकात एक गुंतलेला हा हिशेब मला फार आवडतो. उलट जोरात पुढे ढकलले, की हेच पातळ पाते वाकते किंवा तुटते. माझ्या एका करवतीला तसा कायमचा बाक आला आहे, आणि तो पूर्णपणे माझ्या आडदांडपणाचा पुरावा आहे. करवतीने इजा होतच नाही असेही नाही. सुरुवातीची चीर पाडताना दाते उसळतात आणि शेजारी धरलेल्या अंगठ्यावर येतात. त्या जखमेच्या कडा फाटलेल्या असतात, म्हणून ती भरायला वेळ लागतो. पण अंगठ्याची जखम घेऊन माणूस सहा तास चालू शकतो.

करवत आडवे कापते, उभे फाडत नाही. इथेच कुऱ्हाडवाल्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा येतो. सलग पाऊस पडलेला असला, की बाहेरून सगळे लाकूड ओले असते आणि कोरडे लाकूड मिळते ते ओंडक्याच्या पोटात. तिथपर्यंत पोचायचे, तर लाकूड उभे फोडलेच पाहिजे, आणि फोडायला घाव लागतो. मी बरेच दिवस या मुद्द्यापुढे निरुत्तर होते. उत्तर पायाशीच पडलेले होते. करवतीने मनगटाएवढ्या लाकडाचा वीत-दीड वीत तुकडा कापावा, तो दुसऱ्या लाकडावर उभा ठेवावा, चाकूची धार त्याच्या माथ्यावर टेकवावी आणि चाकूच्या पाठीवर हातभर लांबीच्या सोट्याने ठोकावे. पाते आत शिरते, माथ्याबाहेर उरलेल्या टोकावर ठोकत राहिले की लाकूड दुभंगते. फार जाड असेल, तर चाकूने नुसती फट पाडून तिच्यात कठीण लाकडाची पाचर ठोकावी. घाव इथेही आहेच, पण त्या घावाचे वजन मी घरून वाहून आणलेले नसते. ते रानात हवे तेवढे पडलेले असते, वापरून झाले की तिथेच राहते. आपण न्यायची ती फक्त धार. हे लक्षात आले त्या दिवशी माझ्या सॅकमधून अर्धा किलो कमी झाले आणि पुन्हा कधी आत आले नाही.

मग चाकू कसा असावा, हे जवळजवळ आपोआप ठरते. पाते नऊ ते अकरा सेंटिमीटर लांब असावे, कारण फोडायच्या लाकडाच्या जाडीपेक्षा ते दोन-तीन सेंटिमीटर जास्त असले तरच ठोकायला टोक शिल्लक राहते. पाठ तीन मिलिमीटरच्या आसपास असली की पुरते. पाते घडीचे नको, कारण बिजागरीवर असले ठोके घालणे म्हणजे स्वतःच्या बोटांवर उदार होणे. पात्याचे पोलाद मुठीत शेवटपर्यंत गेलेले असेल तर उत्तम. टोक पात्याच्या मध्यरेषेजवळ आणि मजबूत असावे. मुठीला नक्षी, बोटांसाठी खळगे, असले काही नसावे. बोटांचे खळगे एकाच पकडीला सोयीचे असतात आणि लाकूड तासताना पकड दर मिनिटाला बदलते. फिनलंडच्या पुक्को चाकूंकडे पाहिले की इतका साधा आकार शतकानुशतके का टिकला ते कळते: जेमतेम हाताच्या तळव्याएवढे पाते, अंडाकृती साधी मूठ, आणि पात्याच्या दोन्ही बाजूंनी धारेपर्यंत एकाच सपाट उताराने उतरलेले पोलाद.

तो सपाट उतार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे कारण ढलप्या काढताना कळते. अंगठ्याएवढ्या जाडीची कोरडी, सरळ रेषांची काडी घ्यायची, तिचे खालचे टोक लाकडावर टेकवायचे आणि चाकूचा सपाट उतार काडीवर अलगद पाडायचा. मग पाते किंचित, अगदी किंचित कलते करून वरून खाली सरकवायचे. मनगट हलवायचे नाही, कोपर ताठ ठेवायचा, आणि जोर खांद्यातून येऊ द्यायचा. ढलपी पात्यापुढे वळत जाते, कुरळी होते, आणि काडीच्या बुंध्याशी पोचण्याआधी थांबायचे, म्हणजे ती तुटून न पडता तिथेच लटकत राहते. पुढची ढलपी पहिलीच्या शेजारी उठलेल्या कंगोऱ्यावरून काढायची. वीस-पंचवीस ढलप्यांनंतर काडीच्या टोकाशी दाट झुपका तयार होतो आणि तो एका ठिणगीने पेट घेतो. धारेचे दोन्ही उतार मिळून वीस-पंचवीस अंशांचा कोन असला, तर हे काम लोणी कापल्यासारखे होते. घाव सोसणाऱ्या पात्याला एवढा बारीक कोन परवडत नाही. पहिल्या गाठीवरच धारेला खांडे पडतात, म्हणून त्याची धार जाड ठेवावी लागते. माझा साडेसातशे ग्रॅमचा चाकू ढलप्या काढू शकत नव्हता तो याच कारणाने. एकाच धारेला नाजूक आणि दणकट असे दोन स्वभाव देता येत नाहीत, आणि बहुपयोगी अवजाराची जाहिरात नेमके तेच देण्याचे वचन देत असते.

पोलादावर माणसे रात्र-रात्र वाद घालतात. मी तो दोन वाक्यांत संपवते. ज्यात क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांहून जास्त असते ते स्टेनलेस, ते दमट हवेत निष्काळजी माणसालाही सांभाळून घेते. साधे कार्बन पोलाद पाजवायला सोपे, पण रात्रभर ओल्या म्यानात राहिले की सकाळी तांबूस डाग दाखवते. खऱ्या गारगोटीवर ठिणगी पाडायची हौस असेल, तर कार्बन पोलादच हवे, कारण ती ठिणगी पोलादाच्या उडालेल्या कणांची असते. आजच्या फेरो रॉडला, म्हणजे खरवडले की ठिणग्या टाकणाऱ्या धातूच्या कांडीला, मात्र काटकोनी, न घासलेल्या कडेची कोणतीही पाठ चालते, कारण तिथे जळते ती ती कांडीच.

घडीच्या बहुअवजारांबद्दल माझे मत बरेच मवाळ झाले आहे. कार्ल एल्सनर यांनी १८९७ मध्ये नोंदवलेला स्विस अधिकाऱ्यांचा चाकू आणि टिम लेदरमन यांनी १९८३ मध्ये बाजारात आणलेली, पकडीला केंद्र मानणारी घडी, या दोन्ही वस्तूंचे बहुपयोगीपण प्रामाणिक आहे, कारण त्यांनी एकाच पात्यावर सगळी कामे लादली नाहीत. प्रत्येक कामाला वेगळे पाते दिले. लेदरमन १९७५ मध्ये जुन्या गाडीतून युरोपात फिरत होते आणि वाटेत सारखी दुरुस्ती करावी लागत असल्यामुळे त्यांना चाकूला जोडून पकड हवी वाटली. गाडीवाल्याला पकड लागते हे खरेच. पायी हिंडणाऱ्याला ती क्वचित लागते, आणि तिचे वजन पुष्कळदा दोनशे ग्रॅमच्या पुढे जाते. याउलट शंभर ग्रॅमच्या आतला, लाकडाची छोटी करवत आणि टोच्या असलेला स्विस चाकू अंगठ्याएवढ्या फांद्या सहज कापतो. स्टोव्हवर स्वयंपाक करणाऱ्या आणि शेकोटी न पेटवणाऱ्या माणसाला तेवढा पुरतो. खरे सांगायचे, तर अशा माणसाला वीस ग्रॅमचे इवलेसे पातेही पुरते, आणि हा सगळा लेख त्याच्यासाठी नाही.

दाट, ओल्या, वेलींनी गच्च भरलेल्या रानात मात्र माझा हिशेब उलटतो, हे मान्य केले पाहिजे. तिथे वाट काढायची असते, आणि हिरवे, रसाळ, बारीक देठ करवतीने कापत बसले तर दिवसभरात मैलभरही पुढे सरकता येणार नाही. दोन-अडीच मिलिमीटर जाडीचे, हातभर लांबीचे मॅचेटी इथे योग्य ठरते. ते घावच घालते, पण त्याची सारी करामत टोकाच्या वेगात असते, वजनात नाही. म्हणून ते फार जड नसूनही काम करते. कठीण लाकडाच्या रानांतला परांग याहून जाड आणि टोकाकडे जड होत गेलेला असतो, कारण तिथे वेलीबरोबर खोडही तोडावे लागते. ही अवजारे ज्या रानात घडली त्या रानाचा स्वभाव त्यांच्या पाठीच्या जाडीत उतरलेला आहे. चूक होते ती ते अवजार उचलून भलत्याच रानात नेण्यात. तसेच बर्फाळ हिवाळ्यात, तंबूतली पत्र्याची चूल पेटवायची असेल, तर कुऱ्हाड आपले ओझे फेडते. फक्त त्या प्रवासाला मी हलका प्रवास म्हणणार नाही.

म्यानाकडे मी फार उशिरा लक्ष दिले. म्यान उलटे धरून झटकले तरी चाकू पडता कामा नये आणि एका हाताने तो आत-बाहेर करता आला पाहिजे. चाकू हरवतो तो बहुतेक वेळा म्यानातून निसटून, आणि ते कळते संध्याकाळी, जेव्हा हात कमरेशी जातो. सोबत सहाणेचा बोटभर लांबीचा तुकडा असतो. रोज झोपण्यापूर्वी धार दहा-वीस वेळा त्यावर सपाट फिरवते. सपाट उताराचा आणखी एक फायदा असा की कोन डोळ्यांनी शोधावा लागत नाही, उतार दगडावर टेकला की कोन सापडलेला असतो. धारेच्या दुसऱ्या बाजूला केसासारखी बारीक कड उठल्याचे बोटाला जाणवले, की बाजू बदलायची, आणि शेवटी पाते चामड्याच्या पट्ट्यावर उलटे ओढायचे. बोथट पाते अधिक सुरक्षित वाटते, पण ते जोर मागते, आणि जोर लावलेला हात घसरतो.

सध्या माझ्या सॅकमध्ये म्यानासकट दीडशे ग्रॅमचा चाकू आणि एकशे ऐंशी ग्रॅमची करवत असते. मागच्या फेरीत पुन्हा तसाच दिवस आला, दुपारभर पाऊस आणि गारठलेले हात. या वेळी मी एक वाळलेले बारीक खोड शोधले, बसून त्याचे चार तुकडे कापले आणि पहिला तुकडा मांडला. सोटा म्हणून उचललेली फांदी आतून किडलेली असावी; पाते पोटाशी पोचले, लाकडाचा कोरडा पिवळा गाभा दिसू लागला आणि तिसऱ्या ठोक्याला सोट्याचेच दोन तुकडे झाले. ते मी पेटवणाच्या ढिगावर टाकले आणि दुसरी फांदी उचलली.